लातूरचं सत्र आणि गंगाधरचा हात

१२ जाने., सोमवार. नांदेड
लातूरहून बिराजदार सरांचा फोन. कॉलेजात नाटक शिकवतात. फेब्रुवारीत दोन दिवसांची रंगमंच तंत्र परिषद भरवताहेत, प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, सगळ्यांची शिकवणी सत्रं. मला 'मंचावरची वीज आणि सुरक्षा', दीड तास. दिवसा आयटीआयमध्ये वायरिंग शिकवतो आणि संध्याकाळी नाटकांचे लाईट करतो, तेव्हा मीच योग्य म्हणे. हो म्हणून टाकलं. मग म्हणाले, तुम्ही प्रत्येक शिबिरात लोह्याच्या गंगाधरची गोष्ट सांगता ना, ओल्या हाताने स्टँड धरला आणि शॉक बसला ती? या वेळी त्यालाच आणा. तुम्ही शिकवा, तो अनुभव सांगेल.
बघतो म्हणालो. बघतो कसलं, डोंबलाचं. जेवण गेलं नाही.

१४ जाने.
गं.ला फोन करायचं दोन दिवस टाळलं. सरांनी परस्पर केला. मग गं.चाच मला फोन, स्वारी खूश. नऊ वर्षांनी कुणीतरी नाटकाच्या कामाला बोलावलं म्हणाला. 'हाव म्हणून टाकलं. तू हायस ना सोबत?'
आहे.

१८ जाने., रविवार
नऊ वर्षांत हे कुठेच लिहिलं नाही. आज लिहितो.
नाट्यस्पर्धेची फेरी, नांदेड. लाईटला मी आणि गं. पहिल्या अंकात स्पीकरमधून सारखी गूंगूं. साउंडवाला कावला, तुमच्या डिमरमुळे होतंय म्हणाला. तेव्हा आमच्यात सगळे एकच इलाज करायचे: लाईट कमीजास्त करणाऱ्या त्या डिमरच्या पेटीची अर्थिंग सोडवायची. आवाज बंद. शिकवताना मीच पोरांना सांगतो की असं कधी करायचं नाही, आणि मध्यंतरात मी तेच केलं. गं.ला सांगायचं राहिलं. तो हात-तोंड धुऊन आला, लाईट फिरवायला लोखंडी स्टँड धरला. लाईटच्या आत कुठेतरी सोललेली वायर, ती फिरवताना लोखंडाला लागली. चिकटला. मी मेन पाडला. बाकीच्यांनी त्याला रिक्षात घालून नेलं.
मी मागे थांबलो. हॉलचा वायरमन यायच्या आत अर्थिंग परत जोडली. त्याने अर्थिंग तपासली, ठीक. मग दोष कुणाचा, तर ओल्या हातांचा. गं.नेही तेच मानलं.
उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत त्याची. लाईटचं काम सुटलं, लोह्यात झेरॉक्सचं दुकान टाकलं.
काढली ती चूक होती. परत जोडली त्याला काय म्हणायचं

२४ जाने.
सत्रासाठी बोर्ड केला. प्लायवूड, लोखंडी पाइपचा तुकडा, फ्यूज, एक टेस्ट लॅम्प. चोवीस व्होल्टवर, म्हणजे कुणाला धक्का नको. सोललेली वायर पाइपला लावली की फटकन फ्यूज उडतो. अर्थिंग काढून तेच केलं तर फ्यूज शाबूत आणि पाइपात करंट, लॅम्प पेटतो. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.
पाचव्यांदा करताना हात थांबला. अर्थिंग असती तर गं.चे हात ओले असोत की कोरडे, फ्यूज आधीच उडाला असता. माझाच बोर्ड माझी गोष्ट खोटी पाडतोय. अक्कल असणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत कळेल.
सरांना फोन केला, बोर्ड राहू द्या, स्लाइड पुरेत. ऐकेनात. नुसत्या स्लाइडला पोरं झोपतात म्हणे, छापलेल्या पत्रिकेत प्रात्यक्षिक लिहिलंय.

१ फेब्रु., रविवार
आज सांगायचंच म्हणून लोह्याला गेलो. थेट दुकानात. गं. आणि त्याची बायको, सुमनवहिनी, दोघंही होते. मशीनचा स्विच अजून वहिनीच लावतात, त्याला लावू देत नाहीत. गं. भाषणाचं सांगायला लागला तशा त्या मला म्हणाल्या, 'भाऊजी, तिथं यांना हात पुसूनच माइक द्या.' गिऱ्हाईकं हसली. गं. हसला. मीही हसलो.
हसलो. किळस आली माझीच.
त्याच्या घरात, भावकीत, दुकानावर, सगळीकडे तो 'वेंधळा' झालाय. माणूस कसा होता! अंधारात वीस लाईटच्या वायरी नुसत्या हाताने ओळखायचा.
न सांगता परत आलो.

६ फेब्रु.
बी.पी.ची गोळी घेतली. दोन रस्ते: बोर्ड बसमध्ये 'विसरायचा', नाही तर गं.ला उद्या बसमध्येच सांगायचं. तो लोह्याला चढेल. लोहा ते लातूर अडीच तास तरी आहेत. पुरेत.

७ फेब्रु., शनिवार, सकाळी. अहमदपूर स्टँड
बस चहाला थांबली. गं. नवा शर्ट घालून आलाय, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. अहमदपूरच्या आत सांगायचं ठरवलं होतं. त्याने भाषणाचा कागद वाचून दाखवला. 'चूक माझी होती, मित्रांनो.' बरं झालंय का विचारलं. मी म्हणालो, 'मित्रांनो' काढ.
एवढंच म्हणालो.

७ फेब्रु., संध्याकाळी. लातूर
लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.
साठेक लोक. उदगीर, औसा, निलंगा, भोकरचेही दोघं. गं. आधी बोलला. कागद खिशातच राहिला. साधं, छान बोलला. चूक माझीच, कामात फिकीर पाहिजे, हात कोरडे पाहिजेत. मी खाली मान घालून बोर्डाच्या वायरी नीट करत बसलो, त्या नीटच होत्या.
मग प्रात्यक्षिक. अर्थिंग लावून दाखवलं, फ्यूज उडाला. लोक खूश. तेवढ्यात औशाची एक मुलगी उभी राहिली. कॉलेजची, वहीत आकृती काढत होती. म्हणाली, 'सर, असा फ्यूज उडतो तर काकांना शॉक बसला कसा? हात ओला असला तरी?'
मी काही बोलायच्या आत गं.च माझ्याकडे वळला. संशय नव्हता तोंडावर. जुना लाईटवाला, त्याला खरंच प्रश्न पडला होता.
'हाव की रे. कसा बसला?'
सांगितलं. मध्यंतरात काढली, तुला सांगितलं नाही, वायरमन यायच्या आत परत जोडली, नऊ वर्षं ओल्या हाताची गोष्ट सांगत फिरलो. माइक चालू होता.
मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. सरांनी माइक घेतला आणि अशी कबुली द्यायला धाडस लागतं वगैरे बोलले. लोक रांग लावून माझा हात हातात घेत होते. मोकळं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, दहा मिनिटं फार मोकळं वाटलं.
मग गं. दिसला. बोर्ड सोडवून वायर गुंडाळत होता, डाव्या हाताने. इकडे बघत नव्हता.

८ फेब्रु., रविवार
परतीची बस. तो पुढच्या सीटवर, मी मागे. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोहा यायच्या आधी उठून माझ्याजवळ आला, दांडा धरून उभा राहिला.
'घरी येऊन सांगायचं होतंस. साठ माणसांत सांगितलंस. टाळ्या तुला पडल्या. तिथं मी तोंड वाकडं केलं असतं तर मीच हलका ठरलो असतो. भांडायला पण जागा ठेवली न्हाईस तू.'
उतरून गेला. मागे वळला नाही.

११ फेब्रु.
सरांचा फोन. परिषदेतलं सगळ्यात चांगलं सत्र तुमचं म्हणाले. पुढच्या महिन्यात नांदेडला तेच पुन्हा ठेवायचंय, तसंच, दोघांसह. 'शेवट तर फारच उंचीवर गेला.' शेवट! मी तिथे नाटक केलं का?
गंगाधरला विचारून कळवतो म्हणालो. त्यांना वाटलं मी नम्रपणे बोलतोय.

१७ फेब्रु.
गं.चा फोन, सहा दिवस मी लावून थकलो तेव्हा. दोनच वाक्यं. 'सुमनला मी सांगणार न्हाई. तू केलंस, तू सांग, रविवारी ये.'
लातूरला चोवीस स्लाइड नेल्या होत्या. इथे पहिलं वाक्य सुचेना.

२२ फेब्रु., रविवार
लोहा. दुकान बंद ठेवलं होतं त्याने, घरीच बसलो. वहिनींनी नेहमीसारखा जय भीम घातला, पाणी दिलं. गं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून. सांगितलं. अर्थिंग म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं, आणि प्रत्येक गोष्ट सोपी करून सांगताना ती जास्त वाईट वाटत गेली. परत जोडली, तेही सांगितलं.
रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पदर सारखा करून म्हणाल्या,
'या नऊ वर्षांत तुम्ही आमच्या घरी किती येळा जेवला असाल, भाऊजी?'
माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नाही. प्रत्येक दिवाळीत, त्याच्या मुलाच्या बारशाला, त्याची आई गेली तेव्हा, आणि येता-जाता तर कितीदा.
त्या आत गेल्या. गं. म्हणाला, बस निघेल तुझी. दारापर्यंत आला, रस्त्यापर्यंत नाही. नांदेडच्या सत्राचा विषय मी काढला नाही. सरांना उद्या कळवायचंय.