टाकी भरतानाचा आलेख

सोमवार, ४ एप्रिल २०१६

जिंकलो! पंडित सरांची नवी पद्धत सरस! आमचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे – आलेखात एकाचं शिखर वर, तर दुसऱ्याचं तिथंच खाली. पण इन्फ्रारेड प्रकाशात हा फरक म्हणजे नुसती कुजबुज. जुनी पद्धत मोजतानाच गोंगाट गाळते आणि कच्चा संकेत ठेवतच नाही. नवी आधी सगळं साठवते, मग संगणकावर गाळते. मागच्या आठवड्यातला जुनीचा आलेख थरथरता, आजचा नवीचा गुळगुळीत! सर म्हणाले, "शनिवारी भगवानरावांना हेच दाखवू." साखर कारखान्याचे चेअरमन ते. कॉलेज त्यांचं, या दुष्काळात हॉस्टेलला पाणी आणणारा टँकरही त्यांचाच.

मंगळवार, ५

काल टँकर आलाच नव्हता! मागच्या आठवड्यात रोज होता. लॅबच्या भिंतीपलीकडे हॉस्टेलची टाकी. ती भरायला टँकरची मोटर लागली की लॅबमधलं टेबल हलतं. मग मी काय मोजलं – पद्धती की टँकर?

उद्या सरांना सांगायलाच हवं. छबुआत्यानं मला ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, बाराखडी शिकवली, तेव्हा म्हणायची – "चुकलं की आपल्या हातानं पुस. म्या पुसलं तर फटका!"

बुधवार, ६

पुसलं. सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "टँकर बंद ठेवायला सांगू?" नको! हॉस्टेलच्या मुली तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकतात.

टँकरचा ड्रायव्हर बंकट, त्याला विचारलं, मोटर जरा हळू चालेल का? "ताई, बैलगाडी हाय का ती?"

गुरुवार, ७

सुचलं! डिटेक्टरच्या तारेला दोन फाटे – एक जुन्या पद्धतीला, एक नवीला. एकच नमुना, एकच वेळ, एकच बंकट. दोन्ही आलेख थरथरले. पण नवीनं सगळं साठवलेलं – मोटरची घरघर वेगळी काढली, आणि तिच्याखाली लपलेलं शिखर दिसलं! आता खरंच जिंकलो. (हळू लिहितेय.)

शुक्रवार, ८

आत्या हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाला आहे. डबा द्यायला आली, वेगळ्या काढलेल्या घरघरीच्या आलेखाकडे बोट – "ही काय गं?"

"टँकरची मोटर. इथं सुरू, इथं बंद."

"एवढ्यातच बंद?"

बंकटला सहज विचारलं, भरला टँकर उपसायला किती वेळ? "तास तर लागतोच की!" आलेखात अर्धा तास. आज पुन्हा मोजलं – अर्धाच. म्हणजे टँकर येतो तोच अर्धा भरून!

शनिवार, ९

दोन आलेख छापलेत. वर रेणूचा, खाली टँकरचा. सर म्हणाले, "खालचा कशाला?" म्हटलं, "पद्धतीनं दोन्ही पकडलं, सर." भगवानरावांची गाडी फाटकात शिरली. ही ओळ वाकडी येतेय – आणि मोटर तर बंद आहे!