‘लक्ष्मीप्रसाद’ गलबताच्या टकरीचा खरा जबाब, आणि उरलेल्या वस्तूंची वाटणी

मी, बद्रीनाथ विठोबा कुबल, वय ८१, धंदा पूर्वी आगबोटीवर सुकाणी, नंतर रेडिओदुरुस्ती, सध्या काही नाही, राहणार मांजरी बुद्रुक, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कारण माझा मुलगा इंद्रजीत गेल्या रविवारी म्हणाला की, बाबा, त्या टकरीचं लिहिणार असाल तर तुमचं डोकं ठिकाणावर नाही असं मला सगळ्यांना सांगावं लागेल. सोमवारी सकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. ते ‘पुरे’ म्हणत असतानाही मी थेट दोनपर्यंत उतरलो. या लिखाणासाठी माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. झालीच असेल तर न लिहिण्यासाठी झाली आहे.

१. मांजरीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा असून तो इंद्रजीतला द्यावा. कोणतीही अट नाही. मुलगा चांगला आहे, फक्त भित्रा आहे. लोक काय म्हणतील, श्रद्धाच्या लग्नाचं बघतोय, स्थळवाल्यांना कळलं की आजोबांनी खोटी साक्ष दिली तर काय, हेच त्याचं चालू असतं. हा भित्रेपणा त्याला वारशाने माझ्याकडूनच मिळाला आहे, त्यामुळे त्याचं वेगळं कलम घालत नाही.

२. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पेचकस, वाल्वचे तीन जुने रेडिओ आणि बँकेत जे काही असेल ते नात श्रद्धा हिला. नवव्या वर्षी तिने माझा चांगला चालणारा रेडिओ उघडला होता आणि परत लावलाही होता. लग्नाबद्दल तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आजोबा, एवढ्यावरून जो नाही म्हणेल तो लवकर कटला तर बरंच की. घरात एक तरी माणूस माझ्यावर गेलेलं नाही याचं मला समाधान आहे.

३. बुधवार पेठेतले माझे दुकानशेजारी श्री. आनंद गोखले यांनी २००३ साली नेलेले स्टूल त्यांनी आता ठेवून घ्यावे. मात्र गिऱ्हाइकांना ते जे सांगत आले ते इथे नोंदवतो : हा कुबल माजलेला माणूस आहे, दगडूशेठ शंभर पावलांवर असून चाळीस वर्षांत याने एकदा हात जोडले नाहीत. आनंदराव, पावलं एकशे बारा आहेत. बाकी तुमचं म्हणणं खरं आहे. मी गणपतीला हात जोडले नाहीत, घरच्या देवाला नाहीत, आईच्या चितेलाही नाहीत. माझी पत्नी कै. कुसुम हिने एकदाच कारण विचारलं. मी सांगितलं. ती रडली, आणि नंतर जन्मभर माझ्या वाटचा नमस्कार तीच करत राहिली. देवळापाशी हार विकणाऱ्या मालनबाईंनी कधी काही विचारलं नाही. ऊन फार आहे, सावलीला उभे राहा, एवढंच म्हणायच्या. त्यांना काहीतरी द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून देता येत नाही असं वकील म्हणतात. मला मालनबाईंची साक्ष जास्त गरजेची आहे.

४. आता जबाब. बंदराचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, देवीला बोल लागायला नको. ते सोबतच्या पाकिटात आहे.

एप्रिल १९६८, सकाळचे साडेसात. आमची आगबोट उतारू घेऊन बंदरात शिरत होती आणि चाक माझ्या हातात होतं. पुढे, जरा डावीकडे, ‘लक्ष्मीप्रसाद’ गलबत चाललं होतं. शीड भरलेलं, पोटात मंगलोरी कौलं, आणि सुकाणूच्या दांड्यावर खुद्द तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, रतन पराडकर. आम्ही दोघे एकाच गावचे. बंदराच्या तोंडाशी आलं की समोर टेकडीवर देवीचं देऊळ दिसतं, आणि आमच्याकडचा माणूस तिथे हात जोडतो. हातातलं सोडून जोडतो. एका हाताने नमस्कार केलेला आमच्यात चालत नाही. रतननी दांडा सोडला आणि हात जोडले. वारा आडवा होता. गलबताने तोंड फिरवलं आणि ते आमच्या वाटेत आडवं आलं. कप्तानांनी ओरडून ‘डावीकडे घ्या’ असा हुकूम दिला.

तो हुकूम मी स्वच्छ ऐकला, आणि आधी नमस्कार पुरा केला. माझेही दोन्ही हात जोडलेले होते. चार सेकंद गेले असतील, पाच नाहीत. मग चाक फिरवलं, पण तोवर आगबोटीचं नाक गलबताच्या कुशीत शिरलं होतं. लग्नघरात भांड्यांची चळत कोसळावी तसा कौलांचा आवाज झाला. माणसं सगळी वाचली. गलबत वाचलं नाही.

शिडाच्या गलबताला आगबोटीने वाट द्यायची, आणि मागून येणाऱ्याने तर द्यायचीच, हा कायदा मला पाठ होता. चौकशीत साहेबांनी विचारलं, हात चाकावर होते का? कप्तानांची नजर गलबतावर होती, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, होय साहेब. रतनना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, नव्हते, देवीला जोडले होते. झालं. खरं बोलला तो दोषी ठरला आणि मी पगारी कामावर परत गेलो.

बाहेर पायरीवर रतन माझ्याजवळ आले. म्हणाले, “तुझेय हात जोडलेले होते, मी वळान बघलंय. देवीफुडे जोडलेल्या हातांची चाडी मी करूचंय नाय. तुका सांगूचा तेव्हा तू सांग.”

एवढंच. ना शिवी, ना शाप. शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. पुढच्याच महिन्यात मी आगबोट सोडली आणि जिथलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे खडकवासला, अशा गावी येऊन राहिलो. रतनना पुन्हा कुणी गलबत दिलं नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ तांडेलांची घरं पाळीपाळीने समुद्राला देतात. त्या वर्षी पराडकरांचं घर पाळीतून काढलं, ते आजतागायत बाहेर आहे. रतन दुसऱ्यांची जाळी शिवत शिवत गेले, त्याला अठरा वर्षं झाली. टकरीचा दोष माझा आहे. त्यांचा असेल तर निम्मा, आणि तो त्यांनी त्याच दिवशी कबूल केला होता. माझा निम्मा मी सत्तावन्न वर्षं दाबून ठेवला. मला याची लाज वाटते, आणि हे लिहिण्याची अजिबात वाटत नाही.

५. यंदा शिमग्याला मी गावी जाऊन रतन यांची मुलगी राधा हिला भेटलो. टकरीच्या वेळी ती तीन वर्षांची होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा जाताना म्हणाले होते, पुण्याहून एक माणूस येईल, त्याला चहा द्या आणि बोलू द्या. फार उशीर केलात, काका.” चहा दिला. तो मी प्यालो, कसा ते विचारू नका.

तिथून देवस्थानच्या मंडळींकडे गेलो. पराडकरांची पाळी परत द्या म्हणालो. त्यांनी आधी, जुनं उकरून काय मिळणार, असं विचारलं. मी उठेना तेव्हा म्हणाले, तोंडी बोलण्याला अर्थ नाही, लेखी आणा, साक्षीदारांच्या सह्यांनिशी. घ्या. चौथे कलम लेखी आहे, सह्यांनिशी आहे. मृत्युपत्र मेल्यावर उघडायचं असतं असं वकील म्हणाले. बाकीचं खुशाल मेल्यावर उघडा. चौथ्या कलमाची प्रत उद्या रजिस्टर टपालाने देवस्थानला, राधाला आणि माहितीसाठी माझ्या मुलाला जाईल. ज्याला ते खोटं ठरवायचं असेल त्याने मी जिवंत असताना मांजरीला यावं. लिफ्ट चालू आहे.

६. माझी आगबोटीवरची नोकरीवही, जिच्यात ‘वर्तणूक उत्तम’ असा शिक्का आहे, ती राधाला द्यावी. उपकार म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. शिक्क्यावर मी लाल शाईने काट मारली आहे.

७. माझ्या हातांविषयी. नारळी पौर्णिमेला दोन महिने आहेत. पहिला नारळ पराडकरांच्या घरातून पाण्यात पडला असं राधाने फोनवर सांगितलं की त्याच दिवशी मी बुधवार पेठेत जाईन आणि एकशे बारा पावलं चालून दगडूशेठसमोर हात जोडीन, दोन्ही. आनंदरावांनी ते स्टूल घेऊन बघायला बसावं. त्याआधी मी गेलोच, तर तिरडीवर माझे हात जोडू नयेत. इंद्रजीत, बांधूही नकोस. दोन बाजूंना मोकळे ठेव.

पण तसं व्हायचं नाही. नारळ पडेपर्यंत मी मरत नाही, ही माझी लेखी हमी समजावी, आणि तोवर हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कुणी घाई करू नये.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, पटले, आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर केली.

(सही) बद्रीनाथ विठोबा कुबल

साक्षीदार :
१. मालनबाई साळुंके, हारविक्री, बुधवार पेठ (डाव्या हाताचा अंगठा)
२. सलिल देशमुख, मूळ अकोला, शेजारचा फ्लॅट, मांजरी (सही)

ठिकाण : पुणे
दिनांक : १२ जून २०२५