निळं झाकण, पांढरं झाकण

किरेमा, ६ फेब्रुवारी १९९४

चि. आइकांदे हिस आजी मांकाचे आशीर्वाद. वि. वि.

मलम वाटणारी तुझी नर्स येऊन गेली. चर्चच्या ओट्यावर घरोघरच्या बायकांना टोपीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या. कुणाला निळ्या झाकणाची डबी, कुणाला पांढऱ्या. निळ्यातलं जुनं, गंधकाचं. वास असा की बकरी तोंड फिरवते. पांढऱ्यातलं नवं, बिनवासाचं. खरजेवर कोणतं बरं ते तुला बघायचंय म्हणे. इतकी वर्षं कातडीचं शिकलीस आणि हेच राहिलं? चारचौघांत बोलले नाही. घरात बोलले.

तुझ्या थोरल्या काकूला, एलियावोनीला, निळं आलं. धाकटीला, न्देशीला, पांढरं. एका केळबागेतली दोन घरं. आता केळी आंबवून म्बेगे केली तरी दोघी एका तुंब्यातून पीत नाहीत. थोरली म्हणते, डॉक्टरीणबाईंनी चांगलं औषध धाकटीच्या घरात घातलं. धाकटी म्हणते, वास नाही ते औषध कसलं, मला चुना दिलाय. पोरं दोन्हीकडची सारखीच खाजवतायत.

तू म्हणे सकाळी रोगी तपासतेस आणि दुपारी त्यांच्याबद्दल लिहीत बसतेस. दुपारी तरी सोड बिचाऱ्यांना.

माया कागदात मावत नाही, म्हणून इथे थांबते.
मांका

मोशी, २० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

चिठ्ठ्या अशासाठी की माझ्या हाताने दिलं तर जे पोर जास्त रडेल त्याला मी नवं देईन. मग औषध बरं की माझी दया बरी, हे कळायचं नाही. माझ्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: नवं मलम खरं ठरलं तर डोंगरावरच्या सगळ्या दवाखान्यांत जाईल आणि या कामावर मी कायम राहीन. घोळ झाला तर मलम बंद, अभ्यास बंद. तेव्हा एका घरचं मलम दुसऱ्या घरी जाऊ देऊ नकोस. काकूंनाही सांग.

तुझा राग आणि लोभ दोन्ही राहू दे.
तुझी आइकांदे

किरेमा, ६ मार्च

चि. आइकांदे हिस आशीर्वाद.

तुझं पत्र बसवाल्याने खिशात पिकवून दिलं. काळजी नको, भांडण मी आधीच मिटवलंय. दोघी सुना एका तुंब्यातून पितात. पोरं गाढ झोपतात. गावात खरजेचं नाव नाही.

एकच झालं. रांजण राखेने घासला तरी या खेपेच्या म्बेगेला गंधकाचा वास आला. पाहुणे लवकर उठले.

बाकी आम्ही सुखरूप, तू तशीच राहा.
मांका

मोशी, ३० मार्च

ती. आजीस सा. न.

तपासणीला आले तेव्हा तू नेमकी बाजारात गेली होतीस. पोरांची कातडी बघून फार बरं वाटलं. मग न्देशीकाकूच्या धाकट्याला उचललं, तर त्याच्या मानेला गंधकाचा वास. ते घर पांढऱ्या झाकणाचं. पुढचंही पांढऱ्या झाकणाचं घर तसंच. आजी, रांजण कशाला घासावा लागला?

उत्तराची वाट बघते. मायेची नंतर बघेन.
आइकांदे

किरेमा, ८ एप्रिल

चि. आइकांदे हिस आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. आपल्यात बोकड कापला की वाटा सगळ्यांचा. या घराला मांस आणि त्या घराला वास, असं कुणी केलेलं मी बघितलं नाही. घराघरातल्या डब्या आणवल्या, रांजणात ओतल्या, ढवळल्या, पळीने वाटल्या. विधवांना पळीभर जास्त. तूही याच वाटणीवर वाढलीस. आणि खरूज गेली ना?

रागावलीस तरी पत्र टाक.
मांका

मोशी, १९ एप्रिल

ती. आजीस सा. न.

खरूज गेली. कशाने गेली ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला तेवढंच सांगायचं होतं.

मोठ्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी तुझी तब्येत विचारली. किरेमाचे कागद बाद झाले. एक शेवटची संधी दिलीय. या वेळी चिठ्ठी घरासाठी नाही, अख्ख्या गावासाठी. म्राऊ गावाला एक झाकण, ओढ्यापलीकडच्या उशिरा गावाला दुसरं. म्राऊत तुझी बहीण, उशिरात माझी आत्या. ओढा ओलांडून डबी गेली की मी संपले. दोन्हीकडचे लोक फक्त तुझं ऐकतात. मध्ये पडू नकोस, किंवा पडायचंच तर माझ्या बाजूने पड.

तुझीच,
आइकांदे

किरेमा, १५ मे

चि. आइकांदे हिस आशीर्वाद.

अख्ख्या गावाला एकच झाकण, हे माणसासारखं झालं. हे आधी सुचलं असतं तर माझा रांजण वाचला असता.

दोन्ही गावांत जाऊन आले. म्राऊला निळं आलंय. बहीण नाएत्वेचा नातू रडून खाजवतो. ती म्हणाली, "उशिरातल्या तुझ्या लेकीकडून एक पांढरी डबी आण, आणत नसशील तर माझ्या दारात येऊ नकोस." मी नाही आणली. तिच्याकडे आता जात नाही. रस्त्यात दिसली तर ती केळी बघते, मी आभाळ बघते. तुझ्यासाठी एवढं केलं.

पण फुकट नाही. ज्या गावाचं झाकण हरेल, त्याच गावाला जिंकलेलं मलम आधी. दवाखान्यांच्या आधी, तुझ्या नोकरीच्या आधी. हे तुझ्या नावाने मी दोन्हीकडे बोलून बसले आहे, तेव्हाच लोक डब्या आपापल्या गावात ठेवायला कबूल झाले.

रांजण घासून पालथा घातलाय. शब्द मोडलास तर सरळ करीन.

लोभ तोवर आहे तसाच राहील.
मांका