रिकाम्या पोटी गोळी

मंगळ. १२ जाने. १९६५, लोणावळा
रक्ताचे निकाल आले. भाजे गावच्या आबांच्या रक्तात जीवनसत्त्व चढलं, सुशीलाच्या नाही. दोघांनाही कंपवात, दोघांनाही डॉक्टरांची तीच तेलातल्या जीवनसत्त्वाची गोळी, सकाळी रिकाम्या पोटी. अंगी लागते का, एवढंच या चाचणीत पाहायचं आहे. आबांनी सदऱ्याची गुंडी स्वतः लावून दाखवली. ‘बगा गुरुजी, लागली.’ मी शाबास म्हणालो. सुशीलाची वेणी अजून मीच घालतो. घरी येईपर्यंत आबांचा राग येत होता. त्यांचा काय दोष?

बुध. १३, भोगी
आबांची नवी बाटली पोचवायला डॉ.नी मलाच दिली. सकाळच्या गाडीनं मळवली, पुढं चालत. आबा बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन बसलेले. गोळी त्यानंतर. मी नियमाचं बोललो. त्यांच्या घरच्या मावशी चुलीपुढूनच म्हणाल्या, ‘आज भोगी. आन् एरवी बी आमी उपाशी मानसाला औषिद देत न्हाई. तुमी देता व्हय बायकोला?’
मलाही भाकरी वाढली. खाल्ली. तेलातलं औषध लोण्याबरोबर अंगात उतरत असणार. बी.एस्सी.ला शिकलो होतो हे. आणि महिनाभर सुशीलाला उपाशी ठेवून मी...

शुक्र. १५
डॉ.ना सांगितलं नाही. सांगितलं तर आबांना चाचणीतून काढतील. काढावं असं मला वाटतं, म्हणूनच जीभ रेटत नाही. की हीसुद्धा सबब?

शनि. १६
सु.ला आधी लोणी-भाकरी, मग गोळी. म्हणाली, ‘आज घड्याळ लावून उपाशी नाही ठेवलंत?’ भोगीचं लोणी उरलंय, म्हणालो. तिला पटलेलं नाही. उद्याही देणार.

मंगळ. १९
सु.च्या रक्तातही जीवनसत्त्व चढलं. डॉ. खूश. कंपवातातही गोळी रिकाम्या पोटी लागते, असं ते वर कळवणार. ‘नियम पाळला’ या रकान्यात माझी सही हवी. उद्या आणतो म्हणालो.
घरी तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, ‘आबांचं कळवणार असाल, तर आधी माझं नाव घाला.’

बुध. २०
सु.चा हात तसाच. चहा बशीतून सांडला. खरं लिहिलं तर दोघांच्याही गोळ्या बंद. आबांच्या बंद होतील याचं मला वाईट वाटत नाही, हे इथं तरी लिहितो. अकराला दवाखाना. सु. पातळ बदलून तयार बसली आहे, मीही येते म्हणते. रकाना अजून कोरा.