न्हाणीघराच्या जमिनीची खुशाली

पेटोनी, लोअर हट
१७ ऑगस्ट

तीर्थरूप लिंडसेदादास,

धाकटी बहीण एव्हरिल हिचा साष्टांग नमस्कार. एरवी हे शब्द आपण सवयीने लिहितो, पण या खेपेला मी आठही अंगं खरोखर जमिनीला टेकवून आले आहे. जमीन म्हणजे आमच्या घराखालचा चिखल. कोपरं अजून सोललेली आहेत, तेव्हा हा नमस्कार जपून ठेव, असा पुन्हा मिळणार नाही.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे बाबा क्षेम, नवरा सेल्विन क्षेम, डिगर कुत्राही क्षेम. घराचं काय ते पुढे येईलच. कोरलीवहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या नेल्सनला ऊन लख्ख असणार, हे विचारायला नकोच. (गेल्या आठ वर्षांत तुझी आठ पत्रं आली. सातांत हवामान होतं आणि आठव्यात तुझ्या झाडाच्या लिंबांचा आकार.) इथे जूनपासून पाऊस लागला आहे. धुतलेले कपडे वाळत घातले की अधिक ओले होऊन परत येतात.

दादा, तुला आठवत असेल, दहा वर्षांपूर्वी तू तीन आठवडे आमच्याकडे राहिलास आणि जाताना आमच्यावर दोन उपकार करून गेलास. एक, न्हाणीघरात स्वतःच्या हातांनी घातलेली फळ्यांची जमीन नि तिच्यावर बसवलेला शॉवर. दोन, मागच्या दारचा लाकडी ओटा, ज्याला तू आम्हा सगळ्यांना डेक म्हणायला लावलंस. मिस्त्री बोलवू या, असं मी तेव्हा एकदाच म्हणाले होते. तू हसलास. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला चार फळ्या जोडायला मिस्त्री कशाला, असं ते हसणं होतं. अख्खे खंड कसे सरकतात हे तू पोरांना फळ्यावर काढून दाखवायचास, त्यामुळे आमच्या न्हाणीघराची जमीन सरकू लागली तेव्हा मला आधी वाटलं, हाही तुझ्या विषयाचाच भाग असेल.

सुरुवात वासाने झाली. गेल्या हिवाळ्यापासून घरातल्या बोळात एक वास यायला लागला, ओल्या गोणपाटात अळंबी बांधून विसरून जावं तसा. सेल्विन म्हणाला, बाबांचे मोजे. बाबा म्हणाले, सेल्विनचं चीज. दोघांचं एकमत होईना, म्हणून दोघांनी मिळून कुत्र्यावर ठपका ठेवला आणि बिचाऱ्या डिगरला महिन्यात पाच वेळा आंघोळ घातली. (आंघोळ अर्थातच तुझ्या शॉवरखाली, म्हणजे घराखाली आणखी पाच वेळा पाणी. हे आता कळतंय.) मग जमीन मऊ लागायला लागली. शॉवरच्या बाहेर पाऊल ठेवलं की केकवर पाय दिल्यासारखं वाटायचं. चौतीस वर्षं विमा कंपनीत बसून लोकांच्या नुकसानीचे दावे नाकारण्यात सेल्विनचा जन्म गेला, तेव्हा त्याने जमिनीचाही दावा नाकारला. वर एक पायपुसणं टाकलं. दोन महिन्यांनी त्या पायपुसण्यावर दुसरं टाकलं. मी तोंड उघडलं की बाबा मध्ये पडायचे, "लिंडसेने घातलेली जमीन आहे ती. घोडा नाचवलास तरी काही व्हायचं नाही."

घोडा नाचवायची वेळ आलीच नाही. गेल्या महिन्यात, बुधवारी सकाळी साडेनऊला, मी स्वयंपाकघरात टोस्ट भाजत होते. न्हाणीघरातून आवाज आला. मोठा नव्हता. कोणीतरी ओली पुठ्ठ्याची पेटी दाबावी तसा. मागोमाग बाबांचा आवाज, अगदी शांत, "एव्हरिल, सवड झाली की जरा येऊन जा."

जाऊन पाहते तर बाबा अंगावर टॉवेल गुंडाळून जमिनीवर बसलेले, आणि त्यांचा एकच पाय दिसतोय. दुसरा मांडीपर्यंत खाली गेलेला. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, दादा, एक पाय घरात आणि एक पाय घराखाली. मी किंचाळले. बाबा म्हणाले, "ओरडू नकोस. जमीन चांगली आहे. माझंच वजन वाढलंय." (बाबांचं वजन त्रेपन्न किलो आहे. गेल्या ख्रिसमसला चोपन्न होतं.) सेल्विन धावत आला, त्याने बगलेत हात घालून ओढलं, तर मोडलेल्या फळीची टोकं मांडीत रुतायला लागली. तेव्हा ओढणं थांबवलं आणि अग्निशामकवाल्यांना फोन केला.

ते यायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी बाबांशेजारी जमिनीवर बसून होते. सेल्विनने त्यांच्या खांद्यांवर रजई टाकली, चहा आणून दिला. बाबांनी अर्धा कप चहा प्यायला आणि आपण दोघं बगळ्यांच्या जोडीसारखे बसलोय म्हणून विनोद केला. मी त्यांचा हात धरला होता. तो गार पडला होता. आईच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा त्यांनी मला हात असा धरू दिला नव्हता. मग ते हळूच म्हणाले, "हे लिंडसेला कळवू नकोस हं. त्याच्या मनाला लागेल." दादा, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला, की तू समोर असतास तर शेजारीच दुसरं भोक पाडून तुला त्यात बसवला असता.

अग्निशामकदलाचे चार जण आले. त्यांच्यातल्या दांडग्याने आत पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं भोक त्यानेच पाडलं. शेवटी एका मुलीने पालथं पडून, करवतीने बाबांच्या पायाभोवतीची फळी कापली आणि त्यांना बाहेर काढलं. मांडीला खरचटलं होतं, गुडघा सुजला होता, हाड शाबूत होतं. बाबांनी चौघांचे आभार मानले आणि जाताना सगळ्यांना तुझा डेक दाखवला.

दुपारी सेल्विन म्हणाला, "वरून प्लायवूडचा तुकडा ठोकतो, झालं." सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्याच्याकडे ज्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं, त्या नजरेने पाहिलं. दुसऱ्या दिवशी मेरेआना आली.

मेरेआना ही इथली मिस्त्रीण. पन्नाशीची, अंगाने लहानखुरी, बोलायला त्याहून लहान. जुन्या घरांची लाकडं बदलण्यातच तिची उमेद गेली. घराखाली उतरायची झडप तिने उघडली, आणि घरचं कोणीतरी बरोबर हवं म्हणाली, म्हणजे नंतर कोणी खोटं पाडत नाही. सेल्विन झडपेत पोटापर्यंत शिरला आणि तिथेच राहिला. त्याला उलटा ओढून काढल्यावर मी गेले.

काय सांगू तुला. वर पंचवीस वर्षं राहिले, पण घराखाली काय चाललंय याचा पत्ता नव्हता. दोन हात उंचीची पोकळी, काळोख, आणि सगळीकडे तोच वास. विजेरीच्या उजेडात तुळयांवर पांढरी बुरशी दिसली, गादीतला कापूस पसरावा तशी. शॉवरच्या खाली तळं. (त्यात एक मोठा वेटा किडा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते घरमालकासारखं.) मेरेआनाने खिशातून पेचकस काढला आणि न्हाणीघराखालच्या तुळईत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. तिने तुळईचा तुकडा हाताने मोडून माझ्या तळव्यावर ठेवला. तपकिरी, चौकोनी भेगांचा, वजनाला काहीच नाही. चुरगाळला तर तपकीर झाली. याला म्हणे कोरडी कूज म्हणतात. नाव कोरडी, पण भिजल्याशिवाय तिचं एक दिवस चालत नाही. आपल्या घराण्यात शोभली असती.

"हा शॉवर कोणी बसवला?" मेरेआनाने विचारलं.

"माझ्या भावाने."

"मिस्त्री आहे?"

"भूगोलाचा मास्तर."

"हं," ती म्हणाली. सरपटत पुढे गेली आणि मागच्या भिंतीपाशी थांबली. "घराला हवा यायला इथे आठ झरोके होते. डेक पण मास्तरांचाच का?"

आठही झरोके, दादा. आठही तू फळ्या ठोकून बंद केलेस. वर ओटा सपाट दिसावा म्हणून भिंतीशी माती चढवलीस, ती ओली माती दहा वर्षं लाकडाला चिकटून बसली आहे. शॉवरच्या तळाचा सांधा तू ज्या डिंकाने चिकटवलास, तो मेरेआनाने नखाने काढून दाखवला. कागदाला लावतात तो असावा, असा तिचा अंदाज.

आता तू म्हणशील, सगळं माझ्याच माथी मारतेस. नाही रे. (कपडे वाळवायच्या यंत्राची वाफ बाहेर सोडायची नळी सेल्विनने घराखाली सोडली होती, घराचे पाय उबदार राहतील म्हणून. आणि पुढच्या बाजूचे दोन झरोके उघडे होते, त्यांत थंडीत वारा लागतो म्हणून जुनी ब्लँकेटं कोंबणारी कोण, ते मेरेआनाने विचारलं तेव्हा मला खोकला आला.) पण मुख्य मान तुझाच.

उपाय काय, ते नीट वाच, तुझंही घर लाकडीच आहे. सेल्विनने विचारलं, कुजलेल्यावर औषधी रंग मारला तर? मेरेआना म्हणाली, "मारा की. रंग राहील, घर जाईल." तिचा क्रम ठरलेला. आधी पाणी बंद. पाणी चालू ठेवून नवं लाकूड घालणं म्हणजे बुरशीला ताजं ताट वाढणं. म्हणून शॉवर उखडला, वाफेची नळी बाहेर काढली, माती उकरली, झरोके मोकळे केले. मग कुजलेलं लाकूड कापायचं, तेही जिथे कूज दिसते तिथपर्यंत नाही, तर त्याच्या हातभर पुढे, कारण ती दिसायच्या आधीच आत पोचलेली असते. राहिलेल्या लाकडाला बोरॅक्सचं पाणी पाजायचं, औषध मुरवलेल्या नव्या तुळया घालायच्या, खालच्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरून सांधे चिकटपट्टीने बंद करायचे, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबायचं. लाकूड पुरतं वाळेपर्यंत वरची जमीन झाकायची नाही. सहा आठवडे. तोवर न्हाणीघराच्या जागी खड्डा आहे आणि मी नि सेल्विन टॉवेल घेऊन सार्वजनिक तरणतलावावर आंघोळीला जातो.

डेक तोडला त्या दिवशी बाबा हॅट घालून बाहेर येऊन उभे राहिले. मी आत चला म्हटलं, तर हलले नाहीत. मेरेआनाने पहार घालून एकेक फळी उचकटली. खालून मातीचा लोंढा निघाला, गांडुळं निघाली, तुझ्या चष्म्याची डबी निघाली. बाबांनी यातलं काही पाहिलं नाही. उखडलेली एक फळी हातात घेऊन ते मेरेआनाला म्हणाले, "खिळे बघा पोराने किती सरळ मारलेत." मेरेआनाने वाकून पाहिलं. "खिळे सरळ आहेत," ती म्हणाली. त्याबद्दल तिला मी जेवायला ठेवून घेतलं.

प्रश्न उरला बाबांचा. त्यांना तरणतलावावर नेता येत नाही, बादलीने आंघोळ घालू देत नाहीत. सहा आठवड्यांपुरतं एका वृद्धाश्रमात ठेवावं म्हणून जागा पाहायला घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी त्यांच्या गालाला हात लावून "आमचे गोडुले आजोबा" म्हटलं. बाबा उठले, हॅट घातली आणि गाडीत जाऊन बसले.

असो. पत्र फार लांबलं. वहिनींना गुडघ्यावर शेक घ्यायला सांग. तुझ्या लिंबांना माझा आशीर्वाद आणि तुला, मोठा असलास तरी, थोडी अक्कल.

तुझी बहीण,
एव्हरिल

ता. क. मी तुला कळवलंय हे बाबांना सांगू नकोस. पाकिटात संत्र्याच्या मुरंब्याची कृती आहे, असं मी त्यांना सांगितलंय.

ता. क. दुसरा. उद्या तुझा पासष्टावा वाढदिवस. बाबांना वाटतं, ते त्यासाठी चार दिवस तुझ्याकडे येताहेत. बॅगेत सहा आठवड्यांचे कपडे आहेत. वजनावरून कळू नये म्हणून विमानतळापर्यंत ती सेल्विन उचलणार आहे.

ता. क. तिसरा. बाबांना कळलेलं असावं. मघाशी बॅग बंद करताना पाहिलं, आईचा फोटो त्यांनी स्वतःच सदऱ्यात गुंडाळून आत ठेवलाय. चार दिवसांसाठी कोणी फोटो नेत नाही.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही. ज्यांनी तुझ्या हातात दिलं ते अजून दारातच उभे असतील, तू वाचून संपवायची वाट बघत. त्यांना आधी आत घे.