चावला की कळव

॥ श्री ॥
जबलपूर, ता. ५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
पुंडलिकचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कित्येक वर्षांनी पत्र लिहायला बसलो. बापूसाहेब सुखरूप आहेत. पोपटाला असलं भारदस्त नाव ठेवणारी जगात तू एकटीच. दीक्षितपुऱ्यातलं घर सोडून तू पियूषकडे नागपूरला निघालीस, तेव्हा तुझ्यापेक्षा तोच कमी रडला, हे मान्य कर.

रागावू नको, पण तुझा गंजका पिंजरा भंगारात दिला. पस्तीस वर्षं फॅक्टरीत फिटर होतो ते कशासाठी? नवा पिंजरा मी स्वतः केला. दुप्पट मोठा, सगळा स्टीलचा. मागे अख्खा पत्रा वेल्ड केला आणि बफ मारून असा चमकवला की त्यात बघून दाढी करावी. हॉलच्या मधोमध टांगलाय. आलेला माणूस आधी पिंजरा बघतो, मग मला.

बापूसाहेब इतके शहाणे झालेत की ओरडणं नाही, चावणं नाही. खाली कोपऱ्यात गप बसून असतात. आमची अवंती म्हणते, पापा, ये तो एकदम सुधर गया.

पियूषच्या लेकीचा दमा कसा आहे? तुझ्या नातीला माझा आशीर्वाद सांग.

तुझा,
पुंडलिक

नागपूर, ता. १० ऑक्टोबर

चि. पुंडलिक यास अनेक आशीर्वाद.

पिंजऱ्याचं वाचून बरं वाटलं, पण पुढच्या दोन ओळी वाचल्या आणि हातातला घास खाली ठेवला. अकरा वर्षांत बापूसाहेब कधी शहाणे झाले नाहीत. वादळात पेरूखाली सापडला, पंख कायमचा अधू, तरी पहिल्याच दिवशी त्याने माझं बोट फोडलं होतं. तो चावत नाही म्हणजे घाबरलाय. तो खातोय का, खरं सांग. लहानपणी ताप लपवायचास, तसं करू नको.

अरे शहाण्या, तू मागे आरसा लावलास. त्यात त्याला दुसरा पोपट दिसत असेल, आणि तो काही केल्या जात नसेल.

पिंजरा हॉलमधून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला लाव. तिथे त्याला भांड्यांचा आवाज येईल. तीन बाजूंनी माझं जुनं लुगडं टाक. आत सालीसकट पेरूची फांदी बांध, गुळगुळीत नळीवर पाय ठरत नाहीत त्याचे. हात आत घालू नको. त्याच्यासमोर बसून जेव आणि बोल. तू मुलखाचा घुम्या. काही सुचलं नाही तर माझं पत्रच वाचून दाखव.

नातीला पिसांनी धाप लागते, नाहीतर पहिल्या गाडीने येऊन त्याला घेऊन आले असते. त्याचं काही बरंवाईट झालं तर मला अन्न गोड लागणार नाही. चावला की कळव. अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटीन.

अवंतीला गोड पापा. जिवाला जपून असा.

तुझी,
अक्का

जबलपूर, ता. १७ ऑक्टोबर

ती. अक्कास, शि. सा. नमस्कार.

तू ओळखलंस. तो चिमूटभर भिजल्या डाळीवर दिवस काढत होता. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आजार नाही, धसका आहे. तुला कळवायची मला लाज वाटली. माझ्या हातचं काम आजवर कुणी परत केलं नव्हतं, ते या मूठभर जिवाने केलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी एमरी पेपर घेऊन बसलो. चमक आणण्यासाठी जन्मभर पगार घेतला, ती घालवायला पहिल्यांदाच बसलो. दोन दिवस घासलं, तेव्हा पत्रा तव्यासारखा मुका झाला. तोवर अवंतीने त्याला टोपलीखाली सांभाळलं. मग इथल्या जवळच्या पाटन गावाहून पेरूची फांदी आणली, लुगडं टाकलं, पिंजरा स्वयंपाकघराशी लावला.

काल जेवताना तुझं पत्र मोठ्याने वाचलं. मला घुम्या म्हटलंस तिथवर तो फांदीवर चढून आला होता. मान वाकडी करून ऐकलं आणि थोडी साल सोलून टाकली. खाणं मात्र अजून बेताचंच. चावलाही नाही.

आता रागाव, पण लांब लिही. दोन पानांत माझं बोलणं संपतं.

तुझ्या रागावण्याची वाट बघणारा,
पुंडलिक

जबलपूर, ता. २६ ऑक्टोबर

ती. आत्यास, अवंतीचा नमस्कार.

माझी मराठी कच्ची आहे, समजून घ्या. पापांच्या उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून मी लिहून राहिली.

तुमचं पाच पानांचं पत्र आलं. पापा रोज जेवताना वाचून दाखवतात. परवा तिसऱ्या पानावर, जिथे तुम्ही लिहिलं की आता कुणाचाच आवाज येत नाही, पण बापूसाहेबांचं ओरडणं अजून कानात आहे, तिथे पापा थांबले. चश्मा पुसत बसले. बापूसाहेबांना ते थांबणं पसंत नाही आलं. पापांचा हात पिंजऱ्याला टेकलेला होता. जाळीतून चोच काढली आणि बोट पकडलं, सोडेचना.

पापांनी हात मागे नाही घेतला. रक्त आलं, टिटॅनसची सुई लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरनी विचारलं, काका, हसून काहून राहिले? तर पापा म्हणाले, "घरचा आहे, म्हणून चावला."

तेव्हापासून बापूसाहेब अर्धी पोळी खातात आणि इतके ओरडतात की खालच्या दीदी दोनदा वर येऊन गेल्या. पापा त्यांना खुर्ची देतात आणि म्हणतात, बसा, ऐका.

पेढ्यांचं विसरू नका. सगळ्यांवर माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
अवंती

ता. क. खाली पापांनी डाव्या हाताने लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, पण म्हणाले, हे मीच लिहिणार.

अक्का, चावला.