त्या दुपारची वीज

छत्रपती संभाजीनगर,
१४ जुलै २०२४

चि. रामहरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पाकीट पोचले. मोसंबीची निम्मी बाग वाचली हे कळून बरे वाटले. इकडे नळाला अजून आठवड्यानेच पाणी येते. माझी प्रकृती ठीक आहे.

वीज कार्यालयाला द्यायच्या तक्रार अर्जाचा मसुदा तू पाठवला आहेस आणि त्यावर माझी सही मागितली आहेस. मसुदा वाचला. भाषा भडक आहे. ‘खून’ हा शब्द अशा अर्जात शोभत नाही. आईचे नाव एकदा आवडाबाई आणि एकदा नुसतेच ‘म्हातारी’ असे लिहिले आहेस. हे सर्व मी लाल शाईने दुरुस्त करत गेले आणि तिसऱ्या परिच्छेदापाशी आले: ‘त्या दुपारी बहिणीच्या घरची वीज गेल्यामुळे एसी बंद पडला व आमच्या आईला उष्माघात झाला.’ या वाक्यात भाषेची एकही चूक नाही. पेन मात्र तिथून पुढे सरकले नाही.

एप्रिलमध्ये मी आईला पाचोडहून इकडे आणले, तेव्हा ‘आक्का, म्हातारीला फ्रिजात ठिवू नको’ म्हणून तू हसला होतास. आणि मी तुला, पत्र्याखाली आईला होरपळू देणारा मुलगा, असे सर्वांसमोर म्हटले होते. एसीवाल्यांना मी स्वतः आयुष्यभर आळशी म्हणत आले. सगळे उन्हाळे कूलरवर काढले. पण कूलरला पाणी लागते. आठवड्याने येणारे पाणी प्यायचे, की वाळ्याच्या जाळीवर ओतायचे? शहराच्या कडेच्या आमच्या या सातारा परिसरात जिथे ज्वारी होती, तिथे आता इमारती आहेत आणि प्रत्येक गॅलरीत गरम वारा बाहेर फेकणारा एक खोका. आईच्या खोलीला मीही तसाच एक बसवला.

तिला तो सोसला नाही. गारव्यामुळे नव्हे. तिचे म्हणणे वेगळेच होते. ते मी तुला कधी सांगितले नाही.

“पाटाचं पाणी वरच्यांनी वढून घेतलं की शेपटाला काय येतं? आपला मळा शेपटालाच हाय,” ती म्हणाली. “तुझं हे गार डबडं चालू झालं की तिकडं माझ्या रामहरीची मोटार गप पडत आसंल.”

विद्युत अभियांत्रिकी शिकवण्यात माझी हयात गेली. मी कागद घेतला, उपकेंद्र काढले, शहराची वाहिनी वेगळी, शेतीची वेगळी, दोन्ही रेघा दाखवल्या. एका खोलीतला एसी बंद केल्याने पाचोडची मोटार सुरू होत नाही, हे उदाहरणासह सिद्ध केले. ती शांतपणे ऐकत होती. “व्हय गं. तू शिकलेली,” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयातून परतले, तर खोली तापलेली. आत्ताच बंद केलं, थंडी वाजत होती, असे तिने सांगितले. मी रागावले. मग मी घरात असताना ती एसी चालू ठेवू लागली, आणि शिकवण जिंकली असे मला वाटले.

त्या दुपारी मी आले तेव्हा लिफ्ट चालू होती, रामहरी. शेजाऱ्यांचे सगळे खोके घुमत होते. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज चालू होता. आईच्या खोलीत एसी बंद, पंखाही बंद. खिडकी एसीसाठी लावलेली, ती तशीच लावलेली. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, अंग तव्यासारखे, आणि मांडीत मोबाईल. शेवटचा फोन तुलाच केलेला होता.

वीज होती.

अंत्यविधीच्या वेळी शेजारच्या गीताबाई म्हणाल्या, लाईट गेली असेल, कोण काय करणार. तू माझ्याकडे पाहिलेस. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. विजेवर पीएच.डी. केलेल्या बाईच्या घरी, वीज असताना, आई उकाड्याने गेली, हे चार माणसांत बोलायला माझी जीभ रेटली नाही. दहाव्याला तुला एकट्याला सांगायचे ठरवले होते. पैठणला गोदावरीच्या त्या आटलेल्या पात्राशी तू माझ्याजवळ येऊन बसलास आणि आपणहून म्हणालास, “आई रोज दुपारी इचारायची, मोटार चालू हाय का. बंद आसली तरी मी चालूच हाय म्हणायचो. म्हातारीच्या जिवाला घोर नको.”

म्हणजे एसी बंद करून ती तुला विचारायची आणि तुझ्या ‘चालू’ने तिचा हिशेब रोज खरा ठरायचा; हे मी तुला तिथे कसे सांगणार होते?

आजही बोलले नसते. पण तू कोण्या साहेबाच्या टेबलापुढे उभा राहणार, तो नोंदी काढून दाखवणार, आणि तुला हे परक्याच्या तोंडून कळणार. ते मला सहन होणार नाही.

तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तू जाणतोस. इथे मला तुझा सापडला नाही. तिला रेघा काढून दाखवण्याऐवजी मी जवळ बसून म्हणायला हवे होते, की आई, बाग गेली तरी रामहरी उभा राहील, मी आहे. तिने बटणाला हात लावला नसता. निदान तिला मला सांगून तो लावता आला असता.

उपकेंद्राची ती आकृती आजही बरोबर आहे. तरी परवा दुपारी, बाहेर सगळे खोके घुमत असताना, मी तिच्या खोलीतला एसी बंद केला आणि तिच्या जागी भिंतीला टेकून बसले. तुला फोन लावावासा वाटला. लावला नाही.

उद्या दुपारी लावीन. ती विचारायची तेच विचारीन. मोटार बंद असेल तर बंद म्हण.

अर्ज परत पाठवत आहे. त्याच्याखाली माझी सही नाही. ती इथे करते.

तुझी,
आक्का